अधिष्ठात्यांचे प्रशिक्षण आणि गाळलेला धडा

१

वैद्यकीय शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा प्रवेशापाशी सुरू होते आणि प्रवेशापाशीच संपते. जागा किती, राखीव किती, भरल्या किती, रिकाम्या ठेवल्या किती, गुणवत्तेचा कांगावा कोणी केला, यावर आपण दोन पिढ्या बोलत आलो आहोत. बोललेच पाहिजे. त्या जागा कोणी दान म्हणून दिलेल्या नाहीत. परंतु आपली मुले त्या दारातून आत गेल्यावर पुढे काय होते? ती कोणाच्या हाती सापडतात, आणि ते हात कोणी, कोणत्या मूल्यांवर घडवले? हा प्रश्न आपण पुरेशा नेटाने विचारलेला नाही.

हे हात म्हणजे अधिष्ठाता, विभागप्रमुख, युनिटप्रमुख आणि परीक्षक यांचे. या ज्येष्ठ मंडळींनाही आता शिकवले जाते, हे बाहेरच्या वाचकाला कदाचित ठाऊक नसेल. वैद्यकीय शिक्षकांना शिकवायचे कसे हे शिकवण्याचे काम पाँडिचेरीच्या जिपमर संस्थेतील राष्ट्रीय शिक्षक प्रशिक्षण केंद्राने १९७० च्या दशकात सुरू केले. २००५ साली फिलाडेल्फियाच्या फेमर या संस्थेने मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात भारतातले आपले पहिले प्रादेशिक केंद्र काढले. शिक्षणपद्धती आणि नेतृत्व यांची दोन वर्षांची पाठ्यवृत्ती तेथे सुरू झाली. २००९ पासून भारतीय वैद्यक परिषदेने देशभर प्रादेशिक केंद्रांतून तीन दिवसांच्या कार्यशाळा चालवल्या. २०१९ साली क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, तेव्हा हे प्रशिक्षण आणखी वाढले. २०२२ च्या नियमांनी तर बढतीसाठी वैद्यकीय शिक्षणाच्या मूलभूत अभ्यासक्रमाची अट घातली. म्हणजे हा आता चार हौशी माणसांचा उद्योग राहिलेला नाही. खुर्चीकडे जाणारा जिना त्यातून जातो.

या प्रशिक्षणाला पुस्तिका आहेत, धडे आहेत. त्यात कल्पित प्रसंग आहेत, पात्रे आहेत, संवाद आहेत, शपथाही आहेत. थोडक्यात, ते एक वाङ्मय आहे, आणि वाङ्मयाची समीक्षा करण्याचा अधिकार वाचकाला असतो. दलित साहित्याने आपल्याला मजकुराला एक प्रश्न विचारायला शिकवले आहे : येथे कोण बोलतो आहे, कोणाबद्दल बोलले जात आहे, आणि कोण मुळीच नाही? हा प्रश्न कथा-कवितांपुरता का ठेवायचा? तो सत्ताधाऱ्यांच्या पाठ्यपुस्तकांनाही विचारला पाहिजे. मी येथे तोच विचारणार आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. या प्रशिक्षणाने ज्येष्ठ वैद्यकीय शिक्षकांना शिकवण्याची तंत्रे दिली, पण आपल्या हातातील सत्तेची जाणीव दिली नाही. त्यातून गाळला गेलेला धडा जातीचा आहे, आणि तो छपाईच्या चुकीने गळलेला नाही.

२

आधी जे चांगले आहे ते मान्य केले पाहिजे. नुसता नकार देऊन समीक्षा होत नाही.

जुन्या वैद्यकीय शिक्षणात तोंडी परीक्षा हे एक मोठे अस्त्र होते. समोर बसलेल्या परीक्षकाने आधी आडनाव विचारायचे, मग गाव, मग वडील काय करतात ते, आणि त्यानंतर यकृत. एकाला ओळखीचा सोपा प्रश्न, दुसऱ्याला कोपऱ्यातला अवघड. गुण का गेले याला पुरावा नाही आणि दादही नाही. १९७५ साली स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ऑस्की’ ही पद्धत मांडली. विद्यार्थ्याने ठरावीक वेळेत एकामागून एक थांबे पार करायचे, प्रत्येक थांब्यावर सर्वांना तेच काम, आणि परीक्षकाच्या हातात आधीच ठरवलेली गुणांची यादी. परीक्षकाची लहर तिने पूर्ण मोडली असे नाही, पण तिला वेसण घातली. आजच्या कार्यशाळांतून ही पद्धत शिकवली जाते. पाठाची उद्दिष्टे आधी लिहून काढणे, लहान गटात शिकवणे, विद्यार्थ्याला त्याची चूक अपमान न करता सांगणे, त्याच्या कामाची नोंदवही ठेवणे, हेही शिकवले जाते. इंग्रजी माध्यमाचे कवच नसलेल्या, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेल्या मुलाला याचा सर्वांत जास्त उपयोग आहे. ज्याच्या मामा-काकांपैकी कोणी डॉक्टर नाही त्याला न लिहिलेले नियम कोण सांगणार? लिहिलेले नियम हाच त्याचा आधार असतो.

म्हणून ‘हे सगळे परदेशी थोतांड आहे’ असे म्हणणाऱ्यांत मी नाही. माझी तक्रार वेगळी आहे. तंत्र आले, पण ते कोणाच्या हातात आले? ऑस्कीच्या थांब्यावर सर्वांना तोच प्रश्न असतो. पण त्या थांब्यापर्यंत पोचण्याआधीची वर्षे वॉर्डात, शस्त्रक्रियागृहात, वसतिगृहात आणि प्रमुखाच्या खोलीबाहेर उभे राहून काढायची असतात. तेथे गुणांची यादी नसते.

३

काही वर्षांपूर्वी एका वैद्यकीय महाविद्यालयात माझे जाणे झाले. मी मराठीचा शिक्षक. नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीला पायाभूत वर्ग असतात आणि त्यांत परप्रांतीय विद्यार्थ्यांना स्थानिक भाषा शिकवायची असते. त्या कामासाठी मला बोलावले होते. त्याच दिवशी शेजारच्या दालनात प्राध्यापक आणि विभागप्रमुख यांची कार्यशाळा चालू होती. संयोजकांनी आग्रहाने मला दुपारच्या सत्राला बसवले. विषय होता रुग्णाशी संवाद.

नाट्यप्रसंग करायचा होता. एक ज्येष्ठ शल्यविशारद रुग्ण झाले. त्यांनी रुमालाचे मुंडासे बांधले, उकिडवे बसले आणि ‘डागदरसायेब, प्वाटात दुखतंय जी’ अशी सुरुवात केली. सभागृह खो-खो हसले. दुसरे एक प्राध्यापक डॉक्टर झाले. प्रसंग संपल्यावर चर्चा झाली. डॉक्टरने रुग्णाच्या डोळ्यांत पाहिले का? मध्येच तोडले का? सोप्या शब्दांत सांगितले का? सगळे मुद्दे बरोबर होते. पण रुग्ण म्हणताच तो हास्यास्पद का झाला, त्याची भाषा ही विनोदाची वस्तू का ठरली, हे कोणी विचारले नाही. त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन आलेल्या मावशी दाराशी उभ्या होत्या. त्यांची भाषा तीच होती. त्या हसल्या नाहीत.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितले तेव्हा मी विचारले, “एखादी विद्यार्थिनी विभागप्रमुखांकडे आली आणि वरिष्ठ जातीवरून छळतात असे म्हणाली, तर प्रमुखांनी पहिल्या तासात काय करायचे? यावर एखादा प्रसंग का नाही?” थोडी शांतता पसरली. मग उत्तर आले, “सर, आमच्याकडे तसं काही नाही. आणि असलंच तर ते समितीचं काम.” त्यानंतर अभिप्रायाचे कागद वाटले गेले. कार्यशाळा आवडली का, जेवण कसे होते, वक्ते कसे होते, पाचपैकी गुण द्या. माझा प्रश्न लिहायला त्यात चौकट नव्हती.

प्रशिक्षणाचे यश कशाने मोजावे याची एक पायरी-पायरीची रीत डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली मांडली. वैद्यकीय शिक्षणातले लोक ती नेहमी वापरतात. पहिली पायरी, प्रशिक्षणार्थींना कार्यक्रम कसा वाटला. दुसरी, ते काय शिकले. तिसरी, त्यांचे वागणे बदलले का. चौथी, त्याचा संस्थेवर काय परिणाम झाला. आमचे ज्येष्ठ पहिल्या पायरीवर चहा घेऊन थांबले आहेत. चौथ्या पायरीवर उभा असलेला प्रश्न असा आहे : या प्रमुखांच्या प्रशिक्षणानंतर किती दलित-आदिवासी मुले न खचता शिकून बाहेर पडली? तो आकडा कोण मोजतो?

४

आता मूळ मजकुराकडे येऊ. २०१८ साली भारतीय वैद्यक परिषदेने ‘एटकॉम’ नावाची पुस्तिका काढली. वृत्ती, नीती आणि संवाद या तिघांची ही पुस्तिका. भावी डॉक्टर माणूस म्हणून कसा घडावा हे शिकवण्यासाठी ती आहे. विद्यार्थ्यांना ती शिकवायची, म्हणून प्राध्यापकांना आधी तिचे प्रशिक्षण घ्यावे लागते. तिच्यात सत्तावीस धडे आहेत. डॉक्टर असणे म्हणजे काय, रुग्ण असणे म्हणजे काय, आजारी माणसाचे नातेवाईक असणे म्हणजे काय, अशी त्यांची शीर्षके आहेत. प्रश्न चांगले आहेत, साहित्याच्या वाचकाला आपले वाटावेत असे आहेत. पण या देशात रुग्ण असणे म्हणजे काय, हे जात वगळून कसे सांगता येते? नाडी पाहताना मनगट धरायचे की लांबून पाहायचे, औषधाची पुडी हातात द्यायची की टेबलावर ठेवायची, बाळंतिणीला कोणी हात लावायचा, हा सगळा इतिहास आपल्या आयाबायांच्या अंगावर लिहिलेला आहे. सत्तावीस धड्यांपैकी जातीवर एकही धडा नाही.

पहिल्या वर्षाच्या धड्यांतला एक धडा मृतदेहावर आहे. मृतदेह हा आपला पहिला गुरू, असे त्याचे सूत्र आहे. अनेक महाविद्यालयांत विद्यार्थी त्या देहापुढे उभे राहून शपथ घेतात, काही ठिकाणी फुले वाहतात. भावना उदात्त आहे. पण हा गुरू कोण आहे? आज देहदान वाढले आहे हे खरे. तरी १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र कायद्याने विच्छेदनासाठी जे देह मिळत आले ते बेवारस देह होते. इस्पितळात, रस्त्यावर मेलेली आणि कोणी न्यायला न आलेली माणसे. ती कोणत्या वस्त्यांतून आलेली असतात? त्यांना उचलणारे, धुणारे, टाकीत ठेवणारे हात कोणत्या समाजाचे असतात? हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायला नको. धड्याने त्या देहाला गुरुपद दिले आणि त्याच क्षणी त्याची जात, त्याची भूक, त्याचे बेवारसपण पुसून टाकले. मेलेला गरीब गुरू झाला. त्याची जिवंत मुलगी त्याच महाविद्यालयात विद्यार्थिनी म्हणून आली तर तिला मात्र ‘कोट्यातली’ म्हणायचे. एखाद्या साहित्यकृतीत अशी विसंगती आढळली तर आपण तिला जीवनापासून तुटलेली म्हणतो. पाठ्यपुस्तकाला वेगळा न्याय कशाला?

शपथेचेही तसेच. भारतीय डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत जी प्रतिज्ञा आहे ती १९४८ च्या जिनिव्हा घोषणेवरून घेतलेली आहे. कर्तव्य आणि रुग्ण यांच्या आड काय येऊ देणार नाही, याची यादी त्यात आहे : धर्म, राष्ट्रीयत्व, वंश, पक्षीय राजकारण, सामाजिक प्रतिष्ठा. जिनिव्हात बसलेल्यांना जात ठाऊक नसेल, तो त्यांचा दोष नव्हे. पण येथे ती प्रतिज्ञा उतरवून घेणाऱ्यांनाही ती ठाऊक नव्हती काय? याच प्रतिज्ञेत गुरूंना त्यांचा मान आणि कृतज्ञता देण्याचे वचन आहे. सहकाऱ्यांचाही उल्लेख आहे. विद्यार्थी मात्र नाही. २०१७ साली जागतिक वैद्यक संघाने घोषणा सुधारली तेव्हा मान ज्यांना द्यायचा त्यांत गुरूंबरोबर सहकारी आणि विद्यार्थी हेही घातले. एका शब्दाची भर, पण तिचा अर्थ मोठा आहे. विद्यार्थ्यालाही मान देणे लागते, हे जगाने लिहून ठेवले.

आमच्याकडे त्यानंतर काय झाले? २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने चरकाच्या नावाची शपथ सुचवली. शिष्याने गुरूशी आज्ञाधारक आणि नम्र असावे, हा तिचा सूर. आयोगाने मूळ उपदेश जसाच्या तसा घेतला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मूळ चरकसंहितेत आयुर्वेदाच्या अध्ययनाचा अधिकार तीन वर्णांचा आहे, आणि शिष्याने सर्वांचे कल्याण चिंतताना गायी-ब्राह्मणांपासून आरंभ करावा असे सांगितले आहे. ते वगळले गेले. पण ज्या घरावर वर्णांची पाटी होती त्याच्या पायरीवर आम्ही का उभे राहावे, हा प्रश्न वगळता आला नाही. मदुराईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्या वर्षी ही शपथ दिली गेली तेव्हा तामिळनाडू सरकारने अधिष्ठात्यांना पदावरून हलवले आणि काही दिवसांनी परत आणले. त्या वादाच्या तपशिलात मी जात नाही. महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की अधिष्ठाता काय वदवून घेतो हा तेथे राजकीय प्रश्न ठरला. फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात तो ठरला नाही.

५

जात पाठ्यपुस्तकात नसली म्हणून महाविद्यालयात नसते असे नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॅफर्टी यांनी १९९० च्या दशकात वैद्यकीय शिक्षणातील ‘छुप्या अभ्यासक्रमा’कडे लक्ष वेधले. वर्गात नीतिशास्त्र शिकवले जाते. विद्यार्थी मात्र खरी नीती राउंडवर शिकतो. कोणाला ओरडले जाते, कोणाला शाबासकी मिळते, कोण गेल्यावर काय बोलले जाते, यातून तो शिकतो. या छुप्या अभ्यासक्रमाचा लेखक कोण? विभागप्रमुख.

पदव्युत्तर विद्यार्थ्याचे आयुष्य एका सहीवर लटकलेले असते. प्रबंधाचा विषय प्रमुखाच्या सहीने ठरतो, प्रबंध प्रमुखाच्या सहीने पुढे जातो. शस्त्रक्रियेत हात लावायला कोणाला मिळेल आणि वर्षभर कोण फक्त नोंदी भरील, हे प्रमुखाच्या नजरेने ठरते. कोणाला छत्तीस तासांची पाळी, कोणाला परिषदेला रजा, हेही तेथेच. या सत्तेला कायद्याने फारशी मर्यादा नाही आणि प्रशिक्षणाने जाणीव नाही. म्हणून ती रूढीच्या हवाली होते, आणि आपल्याकडची रूढी म्हणजे काय हे सांगायला नको.

यावर पुरावा नाही असे कोणी म्हणू नये. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारने २००६ साली डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली तीन जणांची समिती नेमली. २००७ च्या मे महिन्यात तिने अहवाल दिला. राखीव जागांतून आलेले विद्यार्थी त्रासाला कंटाळून वसतिगृहांच्या ठरावीक मजल्यांवर एकत्र राहू लागले होते. वर्गात, परीक्षेत, खेळात, जेवणघरात दुजाभावाचे अनुभव त्यांनी सांगितले. अनुसूचित जाती-जमातींच्या अध्यापकांनीही आपल्या तक्रारी मांडल्या. समितीने समान संधी कार्यालय काढावे, संवादाची व्यवस्था करावी अशा शिफारशी केल्या. संस्थेने तो अहवाल स्वीकारला नाही. देशातल्या सर्वांत नामांकित वैद्यकीय संस्थेच्या नेतृत्वाने, आपल्याच विद्यार्थ्यांची साक्ष नाकारली. नेतृत्वाच्या प्रशिक्षणात अभ्यासण्यासारखा यापेक्षा मोठा प्रसंग कोणता असेल?

त्यानंतर बारा वर्षांनी, २२ मे २०१९ रोजी, मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या वसतिगृहात डॉ. पायल तडवी यांनी जीवन संपवले. तडवी भिल्ल समाजातली, जळगाव जिल्ह्यातून आलेली, स्त्रीरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलगी. छळाची गोष्ट वरिष्ठांच्या कानावर घातली होती, असे तिच्या आईचे सांगणे आहे. खटला न्यायालयात उभा राहिला. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील, ते काम या लेखाचे नव्हे. त्याच वर्षी पायलची आई आणि रोहित वेमुलाची आई या दोघी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. उच्च शिक्षणसंस्थांत जातिभेदाविरुद्ध खरी यंत्रणा उभी करा, एवढी त्यांची मागणी. जानेवारी २०२६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे नवे समतेचे नियम निघाले आणि त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. नियमांचे पुढे काय व्हायचे ते होईल. पण नियम आला तरी तो राबवणार कोण? तक्रार घेऊन आलेल्या मुलीला ‘थोडं सहन कर, सगळ्यांनाच होतं’ म्हणायचे की कागद पुढे ओढून लिहून घ्यायचे, हे ज्या क्षणी ठरते त्या क्षणी खोलीत कायदा नसतो, प्रमुख असतो. त्याला त्या क्षणासाठी तयार करणे हेच नेतृत्वाचे शिक्षण.

६

‘आमच्याकडे सर्वांनाच रगडले जाते, त्यात जात कसली?’ हा नेहमीचा युक्तिवाद आहे. निवासी डॉक्टरांना राबवून घेतले जाते, हे खरेच आहे आणि त्याविरुद्धही लढले पाहिजे. पण सर्वांना रगडणारी चक्की एखाद्याच्या बाबतीत आडनाव विचारून फिरते, तेव्हा तो अनुभव वेगळा होतो. इतरांना ‘तू आळशी आहेस’ म्हटले जाते, त्याला ‘तू येथला नाहीसच’ म्हटले जाते. आळस उद्या जातो. दुसऱ्या वाक्याला उद्या नाही.

‘नेतृत्वाचे प्रशिक्षण हे तंत्र आहे, त्यात समाजकारण आणू नका,’ असाही एक आक्षेप येतो. यासाठी एक परदेशी उदाहरण पाहावे, ज्याचा धागा महाराष्ट्राशी जुळलेला आहे. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, त्याचा वारसा आज ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे. त्याच परंपरेत १९९५ साली ‘एलाम’ हा कार्यक्रम सुरू झाला. वैद्यकीय महाविद्यालयांत स्त्रिया प्राध्यापक होतात पण अधिष्ठाता होत नाहीत, हे पाहून केवळ ज्येष्ठ स्त्री-अध्यापकांसाठी तो काढला. वर्षभराची पाठ्यवृत्ती, अर्थसंकल्प वाचण्यापासून संस्था चालवण्यापर्यंतचे शिक्षण, आणि प्रत्येकीने आपल्या संस्थेत बदल घडवणारा एक प्रकल्प. संस्थेच्या वरिष्ठांनीच तिचे नाव सुचवायचे, म्हणजे तेही बांधले जातात. तेथे कोणी ‘तंत्रात समाजकारण आणू नका’ म्हटले नाही. वगळलेल्यांना खुर्चीपर्यंत नेणे हेच तेथे तंत्र ठरले.

आनंदीबाईंचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्यांच्या एकोणीस वर्षे आधी, १८६७ साली, त्याच महाविद्यालयातून रिबेका कोल ही काळी स्त्री डॉक्टर होऊन बाहेर पडली होती. ते नाव आपल्यालाही कोणी सांगितले नाही. त्या देशाच्या इतिहासात दुसरी बाजूही आहे. १९१० साली अब्राहम फ्लेक्स्नर यांचा वैद्यकीय शिक्षणावरील प्रसिद्ध अहवाल आला. आधुनिक वैद्यकीय महाविद्यालयाचा साचा त्यातून तयार झाला. काळ्यांच्या सात महाविद्यालयांपैकी हॉवर्ड आणि मेहारी ही दोनच टिकवावीत, असे त्याने सुचवले. बाकीची पुढील काही वर्षांत बंद पडली. दर्जाच्या नावाने केलेली सुधारणा दार लहान करू शकते, हा त्याचा धडा. आमच्याकडे १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाचा आधार घेत २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने अतिविशेष शाखांतील अध्यापकपदांना आरक्षण नाही असेच धरले. ज्या पायऱ्यांवरून विभागप्रमुख वर चढतात त्यांतली वरची पायरी अशी काढून घेतली गेली. तेव्हा ‘तुमच्यातले अधिष्ठाते किती?’ असे विचारणाऱ्यांनी आधी जिना मोजावा.

७

मग मागायचे काय?

पहिली गोष्ट, ज्येष्ठांच्या प्रत्येक प्रशिक्षणात जात हा विषय नावाने यावा. ‘सामाजिक-आर्थिक पार्श्वभूमी’ अशा गोल शब्दांत नव्हे. थोरात समितीचा अहवाल हे त्याचे पाठ्यपुस्तक व्हावे. तक्रार पहिल्या तासात कशी घ्यायची, तक्रारदाराला कसे सांभाळायचे, साक्षीदारांवर दडपण येऊ नये म्हणून पाळ्या कशा बदलायच्या, याचे प्रसंग करून घ्यावेत. अभ्यासक्रम दगडावर कोरलेला नसतो. अपंग डॉक्टरांनी रेटा लावला म्हणून २०१९ च्या पायाभूत अभ्यासक्रमात अपंगत्वाचे धडे आले. २०२४ साली समलिंगी स्त्रियांच्या संबंधांना अनैसर्गिक अपराधांत बसवणारा मजकूर आयोगाने काढला, तेव्हा निषेध झाला आणि तो काही दिवसांत मागे घ्यावा लागला. आपला रेटा कोठे आहे?

दुसरी गोष्ट, दलित साहित्य तेथे गेले पाहिजे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रिटा शॅरन यांनी डॉक्टरांना साहित्य वाचायला लावणारा कार्यक्रम २००० सालापासून उभा केला. दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये ऑगुस्तो बोआल यांच्या शोषितांच्या रंगभूमीचे प्रयोग झाले. तेव्हा ‘साहित्याचा वैद्यकाशी काय संबंध’ असे म्हणता येणार नाही. आणि मराठीत तर पुस्तक तयार आहे. कोल्हाटी समाजातून आलेले, मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली प्रसिद्ध झाले. वडिलांच्या नावाच्या जागी आईचे नाव लिहिणारा हा डॉक्टर. महाविद्यालयाच्या दारापर्यंत एक मुलगा काय काय ओलांडून येतो हे कळण्यासाठी विभागप्रमुखाने ते वाचावे. मुंडासे बांधून ‘डागदरसायेब’ म्हणण्याऐवजी त्यातले एक प्रकरण त्या सभागृहात मोठ्याने वाचले असते, तर कोणी हसले असते असे मला वाटत नाही.

तिसरी गोष्ट, खुर्चीपासून दूर ठेवलेल्यांसाठी वेगळी शिडी हवी. दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त अध्यापकांसाठी शासनाच्या खर्चाने नेतृत्वाची पाठ्यवृत्ती का असू नये?

आणि चौथी गोष्ट आपल्यासाठी. आपल्यातले जे प्राध्यापक झाले, प्रमुख झाले, त्यांतले काही आडनाव लपवून बसले आहेत. त्यांची भीती मला कळते, मी तिला हसत नाही. पण तक्रार घेऊन आलेल्या आपल्याच मुलीला तेही ‘सहन कर’ म्हणत असतील, तर खुर्ची मिळून उपयोग काय? १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी खंत बोलून दाखवली ती मोक्याच्या जागी पोचलेल्या प्रत्येकाने स्वतःला विचारण्याजोगी आहे. खुर्चीवर आपला माणूस बसणे ही सुरुवात. तो काय करतो ही कसोटी.

विद्यार्थी संघटनांनी पुढच्या वेळी अधिष्ठात्यांकडे निवेदन घेऊन जाताना त्याच्या पाठीमागे थोरात समितीच्या अहवालाची एक प्रत जोडावी आणि पोच घ्यावी. शिक्षकांनी पुढच्या कार्यशाळेत उभे राहून तो एकच प्रश्न विचारावा : पहिल्या तासात काय करायचे? उत्तर मिळेपर्यंत विचारावा. अहवाल २००७ पासून तयार आहे. तो वाचायला तीन दिवसही लागत नाहीत.